वादळ आधी कागदावर आलं होतं

जुलै २००४. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यावर ‘पॅम’ नावाचं चक्रीवादळ आदळलं. ताशी १९० किलोमीटर वेगाचे वारे, काही भागांत २० इंच पाऊस, आणि पूररोधक बांधांवरून थेट न्यू ऑर्लिन्स शहरात शिरलेलं पाणी. दहा लाखांहून जास्त लोकांनी घरं सोडली, पाच-सहा लाख इमारती उद्ध्वस्त झाल्या, मृतांचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला.

यातलं काहीही प्रत्यक्षात घडलं नव्हतं. पॅम हे हवामान खात्याच्या मदतीनं रचलेलं खोटं वादळ होतं. बॅटन रूज शहरात सुमारे तीनशे अधिकारी आठवडाभर त्याच्याशी झुंजत बसले होते. तेरा महिन्यांनी कतरिना आलं आणि कागदावरची बरीचशी गोष्ट खरी झाली. मग तालीम होऊनही लोक छपरांवर का अडकले? त्या तालमीचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचा इतिहास आहे.

‘सिनॅरिओ’ हा शब्द मुळातला नाटक-सिनेमातला, म्हणजे कथेचा आराखडा. दुसऱ्या महायुद्धानंतर रँड कॉर्पोरेशनमध्ये हर्मन कान यांनी तो अणुयुद्धाच्या अभ्यासात आणला. युद्ध होईल की नाही हे भविष्य सांगत बसण्यापेक्षा, झालंच तर पहिल्या दिवशी काय होईल, दहाव्या दिवशी काय, हे तपशिलात लिहून काढा, असा त्यांचा आग्रह होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शेल या तेल कंपनीत पिएर वाक यांनी हीच पद्धत धंद्यासाठी वापरली. १९७३चं तेलसंकट आलं तेव्हा शेलच्या साहेबांनी अशा दिवसाचा विचार आधीच केलेला होता. युद्ध आणि तेलानंतर ही पद्धत आपत्ती व्यवस्थापनात रुळली.

न्यू ऑर्लिन्सला तिची गरज होतीच. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला पॉन्टचरट्रेन सरोवर आणि मधे बशीसारखं शहर. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. पावसाचं पाणीसुद्धा पंपांनी उपसून बाहेर टाकावं लागतं. तिथल्या ‘टाइम्स-पिकायून’ या वर्तमानपत्रानं २००२मध्येच एक मोठी लेखमाला छापून, मोठं वादळ आलं तर शहर कसं बुडेल हे सांगितलं होतं.

म्हणून फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेनं पॅमचं काम बॅटन रूजच्या एका खासगी कंपनीला दिलं. या कंपनीच्या संस्थापक मधू बेरीवाल मूळच्या भारतीय. नेहमीच्या मॉक ड्रिलमध्ये भोंगा वाजतो, लोक जिना उतरतात, फोटो निघतात आणि सगळे जागेवर परततात. इथे तसं नव्हतं. बोटी चालवणारे, डॉक्टर, निवारे सांभाळणारे अशा लोकांनी एकत्र बसून तिथेच योजना लिहायची होती. बोटी लागतील असं नुसतं लिहून भागणार नव्हतं. कुणाच्या, कुठून, किती वेळात, हेही ठरवायचं होतं.

यातून काही चांगल्या गोष्टी निघाल्या. उदाहरणार्थ, बुडालेल्या घरातून माणसाला काढून थेट दूरच्या निवाऱ्यात न्यायचं नाही. आधी जवळच्या उंच, कोरड्या जागी सोडायचं आणि बोट लगेच पुढच्या घराकडे वळवायची. त्या कोरड्या जागेवरून पुढचा प्रवास बसनं. कमळाच्या पानांवरून उड्या मारणाऱ्या बेडकासारखी ही रीत, म्हणून या जागांना ‘लिली पॅड’ म्हणत.

पण आठवडा संपला तेव्हा योजना अर्धवटच होती. जानेवारी २००५मध्ये मसुदा तयार झाला, पुढच्या बैठका मात्र लांबत गेल्या. नंतर सिनेटच्या चौकशीत समोर आलं की एकदा प्रवासखर्चाचे पंधरा हजार डॉलर मिळाले नाहीत म्हणूनही काम अडलं होतं. वाहतुकीवरची बैठक झाली ती थेट जुलै २००५च्या अखेरीस. कतरिना तेव्हा जेमतेम महिनाभर लांब होतं.

२९ ऑगस्ट २००५, सोमवार. कतरिना किनाऱ्यावर आलं, कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

आता जे ठरलं होतं आणि जे ठरायचं राहिलं होतं ते शेजारी ठेवून पाहा. आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘आयव्हन’ वादळाच्या वेळी लोक तासन्‌तास महामार्गावर अडकले होते. त्यातून धडा घेऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या मार्गिका शहराबाहेर जाण्यासाठी खुल्या करण्याची पद्धत सुधारली गेली. त्यामुळे कतरिनाच्या वेळी महानगरातले दहा लाखांहून अधिक लोक गाडीनं वेळेत बाहेर पडले. छपरांवरून माणसं उचलण्याचं कामही झालं. एकट्या तटरक्षक दलानं तेहतीस हजारांहून जास्त लोकांना वाचवलं.

पण शहरातल्या दर चार घरांपैकी एकाहून जास्त घरांकडे गाडीच नव्हती. वादळाआधी या लोकांना बाहेर कसं न्यायचं, हा प्रश्न पॅमच्या तालमीत पुढच्या बैठकीवर ढकलला गेला होता. वादळानंतर लिली पॅडवर, म्हणजे उड्डाणपुलांवर, माणसं उतरवली गेली. पुढे न्यायला बस मात्र आल्या नाहीत. भर ऑगस्टच्या उन्हात म्हातारी माणसं आणि लेकरं डांबरी पुलांवर बसून राहिली. सुपरडोम स्टेडियममध्ये हजारो लोक कोंडले गेले आणि ते रिकामं होईपर्यंत आठवडा संपत आला. शहरातल्या स्कूलबस रांगेनं पाण्यात बुडालेल्या होत्या. त्यांचं छायाचित्र जगभर गेलं.

बांध फुटतील असं कुणाला वाटलं नव्हतं, असं राष्ट्राध्यक्ष बुश त्या आठवड्यात टीव्हीवर म्हणाले. शब्दशः पाहिलं तर यात थोडं तथ्य आहे. पॅममध्ये पाणी बांधांवरून आत येतं. प्रत्यक्षात काही भिंती पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच कोसळल्या. पण छपरावर बसलेल्या माणसाला या फरकाचं काय? शहर बुडणार, हे सरकारी मसुद्यात लिहिलेलंच होतं.

कतरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला जेमतेम ७४ मिलिमीटर. दक्षिण मुंबईत खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला उपनगरात काय चाललंय याची कल्पनाही आली नसती. ‘एका टोकाला रिमझिम, दुसऱ्या टोकाला प्रलय’ ही गोष्ट आधी कुणी लिहून वाचून दाखवली असती, तर लोक हसले असते. सिनॅरिओचा उपयोग तिथेच असतो. ज्यावर हसू येतं, त्यावरही तासभर गंभीरपणे बोलायला तो भाग पाडतो.

पण बोलणं पुरत नाही, हे पॅमनं दाखवलं. कल्पना बरीचशी बरोबर होती, माणसंही जाणकार होती. तरी ज्या कामाला नाव, पैसा आणि तारीख मिळाली तेवढंच निभावलं. बाकीचं ‘पुढच्या बैठकीत पाहू’मध्ये राहिलं आणि वादळ त्या बैठकीसाठी थांबलं नाही.

तीन वर्षांनी, १ सप्टेंबर २००८ला, ‘गुस्ताव’ वादळ लुइझियानात आलं. या वेळी गाडी नसलेल्यांसाठी न्यू ऑर्लिन्समध्ये सतरा ठिकाणी बस थांबत होत्या. तिथून लोकांना मुख्य स्थानकावर आणि पुढे बस-रेल्वेनं शहराबाहेर नेलं गेलं. सुपरडोम निवारा म्हणून उघडलंच नाही. वादळ शहराच्या बाजूनं गेलं, बांध टिकले, आणि जगाच्या बातम्यांत गुस्ताव फार काळ राहिलं नाही.

आपल्याकडेही दर पावसाळ्याआधी तयारीच्या बैठका होतात, आराखडे छापले जातात. तो आराखडा कधी हाती आला, तर त्यात वादळाचा वेग शोधू नका. आपल्या गल्लीतल्या, चालता न येणाऱ्या आजींना न्यायला कुणाची गाडी येणार आहे आणि तिच्या ड्रायव्हरला ते ठाऊक आहे का, एवढं विचारा.