मँक्स बग्गी : सव्वाचौदा इंचांचा छेद

‘बग्गी’ हा शब्द मराठी वाचकास घोडागाडीमुळे परिचित आहे. इंग्रजीतही त्याचा जुना अर्थ एका घोड्याची हलकी गाडी असाच होता. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी तो वाळूच्या टेकड्यांवर धावणाऱ्या, घरी बांधलेल्या मोटारींना लावला. या अर्थांतरात हलकेपणाचा भाव तेवढा टिकून राहिला. आणि प्रस्तुत विषयाचे मर्मही तेथेच आहे.

आरंभीच्या वाळूगाड्या मात्र हलक्या नव्हत्या. जुन्या अमेरिकन मोटारीचा सांगाडा कापून आखूड करावयाचा, पत्रा उतरवावयाचा आणि पाण्याने थंड होणारे जड एंजिन तसेच पुढे ठेवावयाचे, अशी रीत होती. फोक्सवागनच्या ‘बीटल’मध्ये या अडचणीचे उत्तर आयतेच होते. तिचे एंजिन मागे व हवेने थंड होणारे. गिअर व डिफरन्शियल एकाच पेटीत त्यास जोडलेले. भार चालक-चाकांवरच पडत असल्याने चारही चाकांना गती देण्याची निकड उरत नसे.

ब्रूस मेयर्स (१९२६–२०२१) हा फायबरग्लासच्या नौका बांधणारा कारागीर. १९६४ मध्ये त्याने केलेल्या पहिल्या गाडीत फोक्सवागनचा तळ नव्हताच. फायबरग्लासचे कवच हाच सांगाडा होता. अशा गाड्या अवघ्या १२ झाल्या. बग्गीचा जन्म या गाडीपासून मोजण्याचा प्रघात आहे. मला तो पुरतेपणी मान्य नाही. ती बांधणी अवघड व खर्चिक होती. तिच्यावाचून दुसरी घडली नसती हे खरे, परंतु प्रसार झाला तो दुसरीचा.

या दुसऱ्या रचनेत बीटलचा तळ ठेवून तो १४.२५ इंचांनी आखूड केला जाई. पुढील व मागील चाकांमधील मूळचे ९४.५ इंच अंतर त्यामुळे सुमारे ८० इंचांवर येई. हा छेद वाटतो तितका सोपा नव्हे. तळाच्या मध्यातून जाणारा पोकळ कणा कापताच त्यातील गिअरचा दांडा, क्लच व अॅक्सिलरेटरच्या तारा आणि कण्याच्या बाजूने जाणारी ब्रेकची नळी, सर्वच लांब ठरतात. दांडा कापून पुन्हा सांधावा लागे. सांधताना तळ किंचित तिरपा झाला, तर मागील आस पुढील आसाशी समांतर राहत नाही व गाडी सरळ धावत नाही. हे काम कारखान्यात नव्हे, गिऱ्हाइकाच्या अंगणात होई. ‘मँक्स’ हे शेपूट नसलेल्या मांजराच्या जातीचे नाव या तोकड्या गाडीस शोभावे, यात नवल नाही.

प्रतिपक्षाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६७ मध्ये मेक्सिकोतील ला पाझ ते तिहुआना हे अंतर मेयर्स व टेड मँगल्स यांनी ३४ तास ४५ मिनिटांत कापले, ते त्या पहिल्याच गाडीतून. १९६२ चा मोटारसायकलचा विक्रम त्यामुळे मोडला. त्याच वर्षी तेथे शर्यत सुरू झाली आणि ती मँक्सनेच जिंकली.

कीर्तीबरोबर नकला आल्या. मेयर्सने पेटंटच्या आधारे दाद मागितली. न्यायालयाने ते अग्राह्य ठरविले. १९७१ मध्ये धंदा बंद पडला. तोवर त्याने सुमारे पाच-सहा हजार संच विकले होते. नकलांची संख्या त्याच्या कित्येक पटींनी अधिक होती.