पानशेतचा पूर आणि आमची कथुबा
(बिरड्याच्या रोज्यापूर्वीच्या सभेत झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



बिरड्याचा रोजा जवळ आला की आपल्या घरांतून वाल भिजत पडतात आणि बेथ हामिक्दाशच्या विध्वंसाची आठवण निघते. त्या थोर दुःखाच्या शेजारी मी आज एका घराचे लहानसे दुःख ठेवणार आहे. ते घडले त्या दिवशी १२ जुलै १९६१, बुधवार होता. आपल्या पंचांगाप्रमाणे ५७२१ सालच्या तम्मूझची २८ तारीख, म्हणजे शोकाच्या तीन आठवड्यांतलाच दिवस. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

पुण्यातील आपली बहुतेक कुटुंबे रास्ता पेठेत, १९२१ सालच्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगच्या आसपास, किंवा लष्कर भागात राहत. आमचे घर मात्र शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळच्या एका वाड्यात होते. तळमजल्यावर दोन खोल्या, वर फळ्यांचा माळा आणि दाराच्या चौकटीला मेझुझा. शेजारच्या काकू शुक्रवारी संध्याकाळी आमचा दिवा लागलेला पाहून आपल्या मुलांना गलका करू देत नसत. नदी इतकी जवळ की पावसाळ्यात रात्री तिचा आवाज ऐकू येई.

मुठेची उपनदी आंबी हिच्यावर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्याचे काम चालू होते. ते पूर्ण होण्याआधीच १९६१च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीचे व दरवाजांचे काम अपुरे होते. मोरीवरचा भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटले. खाली खडकवासल्याचे दगडी धरण होते, १८७९ सालचे. पुण्याला नळाचे पाणी तेथूनच मिळे. अंगावर आलेला लोंढा त्यालाही सोसवला नाही, आणि तेही फुटले.

आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. सायकलवरून एक मुलगा ‘धरण फुटलं, पळा’ असे ओरडत गेला. कोणी खरे मानले, कोणी हसले. मुठेला पूर दरवर्षीच येई. लोक तो पाहायला लकडी पुलावर जात. बाबा पोस्टात नोकरीला होते आणि कामावर निघायच्या बेतात होते. ते म्हणाले, “पायरीपर्यंत येईल आणि उतरेल.” तरी सावधगिरी म्हणून त्यांनी मोलाच्या वस्तू माळ्यावर चढवल्या: पत्र्याची पेटी, शिवणयंत्राचे डोके, गाद्या. त्या पेटीत आईबाबांची कथुबा होती, आणि पणजोबांपासून चालत आलेली, १८७४ साली पुण्यात छापलेली हगादा होती. त्या हगादेत मराठी भाषांतर आहे आणि आपल्या बायका लुगडी नेसून मत्सा करीत असल्याचे चित्र आहे. पेसाहला ते चित्र पाहण्यासाठी आम्हा भावंडांत भांडण होई.

आजीचे मात्र माळ्याने समाधान झाले नाही. ती कोकणातली, खाडीकाठी वाढलेली. अंगणातल्या मोरीतून पाणी उलटे वर येऊ लागलेले तिने पाहिले आणि म्हणाली, “हे पाणी पायरी मोजत बसणार नाही. पोरांना घेऊन निघा.” बाबा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी धाकट्या बहिणीला खांद्यावर घेतले. आईने तांदळाचा डबा उचलला, आजीने किद्दुशचा पेला पदरात बांधला, आणि मी शेजारच्या काकूंच्या आंधळ्या सासऱ्यांचा हात धरला. पेटी आणावी काय, असे आईने विचारले. बाबा म्हणाले, “ती वर आहे, सुरक्षित आहे.” हे वाक्य त्यांना जन्मभर सलत राहिले.

लक्ष्मी रस्त्याने आम्ही पूर्वेकडे चालत राहिलो. मागून येणारी माणसे एकेक पेठ बुडाल्याची बातमी आणीत होती. रास्ता पेठेत आत्याच्या घरी त्या रात्री एकोणीस माणसे झोपली. त्यांत काकूंचे सारे कुटुंब होते. त्यांच्यासाठी आत्याने वेगळी चूल मांडून दिली. शहरात वीज नव्हती, नळ कोरडे होते. जुन्या पेठांतले हौद आणि विहिरी पुन्हा उपयोगाला आल्या.

पाणी ओसरल्यावर बाबा वाड्यावर गेले. मातीच्या भिंती बसल्या होत्या. माळा नव्हता, पेटी नव्हती; दाराची चौकट तेवढी उभी होती. तिच्यावरचा मेझुझा त्यांनी काढून आणला. आतले चर्मपत्र भिजून अक्षरे पुसली गेली होती. हगादेसाठी मी रडलो, तेव्हा आजी म्हणाली, “आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा सात जोडपी उरली होती. पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या. शेमा तेवढा तोंडात राहिला. त्यावर आपण इतकी शतके काढली.”

कथुबा हरवली तर नवी लिहून घ्यावी, असा आपला नियम आहे. रोजा उरकल्यावर आत्याच्या घरी हजान आले, दोन साक्षीदार बसले, आणि पहिली हरवल्याचा उल्लेख करून नवी कथुबा लिहिली गेली. आजी हसून म्हणाली, “सुनेचं दुसरं लग्न पाहायचं माझ्या नशिबी होतं.” मग एलियाहू हन्नाबीचा मलिदा झाला. पुढे पूरग्रस्त म्हणून आम्हांला गोखलेनगरला पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये जागा मिळाली.

१९६३ साली आम्ही येथे आलो. आपल्या लोकांच्या विवाहाच्या वेळी आईच्या आणि आजीच्या वंशाची चौकशी करण्याचा तो काळ होता, हे येथील ज्येष्ठांना सांगायला नको. एका कचेरीत कारकुनाने आमची कथुबा उघडली, तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “लग्न १९६१चे, मग हा मुलगा एवढा मोठा कसा?” बाबांनी मजकुरातील ती ओळ दाखवली आणि मोडक्या हिब्रूत पुराची हकिकत सांगितली. कारकून हसला. बाबा हसले नाहीत. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे असल्याचे मान्य केले, त्या दिवशी त्यांनी ती कथुबा पेटीतून काढून टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्यासमोर बसून राहिले.

आजही ती माझ्याकडे आहे. पहिली कथुबा कशी दिसत होती, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. म्हणून एक विनंती करतो. आपापल्या घरी जुन्या कथुबा, हगादा, कबरींच्या नोंदी असतील, त्यांच्या प्रती काढून ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी द्या. त्याहून आधी, घरातल्या वृद्ध माणसांशेजारी बसून त्यांना विचारा. आमच्या घरी त्या दिवशी पाण्याचे खरे रूप ओळखणारी आजीच होती, आणि आम्ही तिचे ऐकले म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

शालोम.