नाव तेच, क्रमांक वेगळा

समजा, तिसगावच्या एखाद्या शाळेत दोन संगणकांवर 'शिक्षक' हेच खाते आहे. पहिल्यावरचे सामायिक फोल्डर दुसऱ्यावर जोडले. ते दिसते, पण उघडत नाही. असे का?

१९७१ च्या युनिक्समध्ये फाइलसोबत मालकाचे नाव नव्हे, क्रमांक नोंदला जाई. परवानगी मालकाला वेगळी, इतरांना वेगळी. यंत्र एकच असेपर्यंत हे पुरले. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने (विनोद खोसला तिच्या संस्थापकांपैकी एक) एनएफएस रचली आणि तोच क्रमांक तारेवरून पाठवला. इकडचा १००१ तिकडे १००२ असला, की मालकच परका! म्हणून सर्वांना सरसकट परवानगी देण्याआधी दोन्हीकडे 'आयडी' ही आज्ञा देऊन क्रमांक ताडून पाहावेत. २००० सालच्या चौथ्या आवृत्तीत नावे पाठवण्याची सोय झाली. मात्र साध्या ओळखपद्धतीत परवानगी अजून क्रमांकावरच ठरते.