मुआरा कामान : महाकाम नदीवरील एक लहान गांव व तेथील यूपलेख

(१) बोर्निओ बेटाच्या पूर्व भागांत महाकाम नांवाची मोठी नदी आहे. बेटाच्या मध्यभागींच्या डोंगरांत उगम पावून ती पूर्वेस मकासरच्या सामुद्रधुनीस मिळते. मुखाजवळ समारिंदा हें मोठें व्यापारी शहर, त्याच्या वर तेंगारोंग ही जुनी राजधानी, आणि तेथूनहि नदीनें आणखी वर गेलें म्हणजे उत्तर तीरावर मुआरा कामान हें गांव लागतें. मलायी भाषेंत ‘मुआरा’ म्हणजे नदीचें मुख किंवा संगम. येथें उत्तरेकडून येणारा प्रवाह महाकामेस मिळतो, म्हणून हें नांव. गांव विषुववृत्ताच्या अगदीं लगत, किंचित् दक्षिणेस आहे. इंडोनेशियाच्या राज्यव्यवस्थेंत तें पूर्व कालीमंतान प्रांतांतील कुताई कर्तनगर या जिल्ह्यांत मोडतें.

भोंवतालचा प्रदेश सखल व पाणथळ आहे. गांवाच्या वरच्या अंगास सेमायांग, मेलिंतांग व जेंपांग हीं तीन विस्तीर्ण सरोवरें आहेत. पावसाळ्यांत नदी फुगली कीं तिचें पाणी त्यांत शिरतें व उन्हाळ्यांत परत नदीकडे वाहतें. मासेमारी हा येथील लोकांचा पुरातन धंदा होय. नदीकांठीं कुताई मलायी लोकांची वस्ती, वरच्या भागांत दायक लोकांच्या निरनिराळ्या शाखा, व त्यांत मागाहून येऊन मिळालेले बंजार, बुगी व जावानी लोक, असें येथील लोकसंख्येचें मिश्रण आहे. रस्ते होण्यापूर्वीं सर्व दळणवळण पाण्यावरूनच चाले. रानांतील वेत, अगरु, मेण व नदीच्या वाळूंतील सोनें खालीं जाई. मीठ, कापड व भांडीं वर येत. ज्याच्या ताब्यांत संगम त्याच्या हातीं मागील खोऱ्याचा व्यापार, हा नियम येथील भूगोलानेंच घालून दिलेला आहे. पुढील विवेचनांत वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

(२) या आडबाजूच्या गांवाचें नांव इतिहासांत येण्याचें कारण तेथें सांपडलेले सात शिलास्तंभ. पैकीं चार इ. स. १८७९ मध्यें उजेडांत आले. ते बटाव्हिया येथें नेण्यांत आले. डच पंडित केर्न यांनीं १८८२ सालीं त्यांच्या लिपीचा ऊहापोह केला, आणि १९१८ सालीं फोगेल यांनीं चारहि लेखांची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली. १९४० सालीं त्याच परिसरांत आणखी तीन स्तंभ मिळाले. त्यांचें वाचन पं. बहादुरचंद छाब्रा यांनीं पुढें प्रसिद्ध केलें. स्तंभ आज जकार्ता येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. गांवांत लोक ज्यास ‘लेसोंग बातू’ म्हणजे दगडी उखळ म्हणतात असा एक लेखरहित दगड मात्र राहिला आहे.

लेखांची भाषा संस्कृत, रचना पद्यमय व लिपि दक्षिण भारतांतील पल्लवांच्या प्राचीन लेखांशीं जुळणारी आहे. लेखांत शक, संवत् किंवा राज्यवर्ष यांपैकीं कांहींच दिलेलें नाहीं. अक्षरांच्या वळणावरून ते इ. स. ४०० च्या सुमाराचे असावेत, असें फोगेल यांनीं ठरविलें व तेंच मत सामान्यतः मान्य झालें आहे. इंडोनेशियांतील ज्ञात लेखांत हे सर्वांत जुने होत. पश्चिम जावांतील पूर्णवर्म्याचे लेख यांच्या मागाहूनचे मानले जातात.

(३) लेखांतील मजकूर थोडक्यांत असा. कुंडुंग नांवाच्या नरेंद्राचा पुत्र अश्ववर्मा. तो वंशकर्ता असून त्यास अंशुमानाची, म्हणजे सूर्याची, उपमा दिली आहे. अश्ववर्म्यास तीन अग्नींसारखे तीन पुत्र झाले. त्यांत श्रेष्ठ मूलवर्मा. त्यानें ‘बहुसुवर्णक’ नांवाचा यज्ञ केला व त्याप्रीत्यर्थ ब्राह्मणांनीं यूप उभारला. दुसऱ्या लेखांत वप्रकेश्वर नांवाच्या पुण्यक्षेत्रांत मूलवर्म्यानें अग्नितुल्य द्विजांस वीस हजार गाई दिल्याचें सांगून, या पुण्याचा यूप येथें आलेल्या विप्रांनीं केला असें म्हटलें आहे. तिसऱ्यांत भूमि, कल्पवृक्ष इत्यादि दानांचा उल्लेख आहे. चौथा लेख फार झिजला आहे. मागाहून मिळालेल्या तिहींपैकीं एकांत राजानें इतर राजांस जिंकून युधिष्ठिराप्रमाणें करभार देणारे केलें असें वर्णन येतें; दुसऱ्या एकांत दीपमालेसह तिलपर्वताचें दान नोंदलें आहे.

एवढाच पुरावा. राज्याचें नांव नाहीं, राजधानीचें नाहीं, शत्रूंचें नाहीं, ब्राह्मण कोणत्या देशाहून आले तेंहि नाहीं. ‘कुताई’ हा शब्द सातांपैकीं एकाहि लेखांत येत नाहीं. तें नांव अर्वाचीन संशोधकांनीं स्तंभ जेथें सांपडले त्या प्रांतावरून या राज्यास लाविलें आहे. पाठ्यपुस्तकांतून ‘कुताईचें राज्य’ म्हणून जें वाचावयास मिळतें तें सोयीचें नांव आहे, लेखांतील नव्हे.

(४) आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. इ. स. १९२६ मध्यें कलकत्त्यास बृहत्तर भारताच्या अभ्यासासाठीं संस्था निघाली, आणि त्या सुमारास आपल्याकडील बहुतेक भाषांतून अशा लेखांकडे भारतीय वसाहतींचीं प्रमाणपत्रें म्हणून पाहण्याची रीत पडली. भारतांतून क्षत्रिय निघाले, समुद्र ओलांडून गेले, त्यांनीं राज्यें स्थापिलीं, असें चित्र त्यांतून निर्माण झालें. मुआरा कामानचे लेख या चित्रास आधार देतात काय? प्रस्तुत लेखकाच्या मतें देत नाहींत, आणि याचें कारण लेखांतच आहे.

अश्ववर्मा व मूलवर्मा हीं नांवें निर्भेळ संस्कृत आहेत. आजोबाचें नांव तसें नाहीं. कांहीं विद्वानांनीं कुंडुंग म्हणजे कौंडिन्य असें सुचविलें आहे. परंतु ज्या रचनाकारांस बहुसुवर्णक, अंशुमान् व वप्रकेश्वर हे शब्द बिनचूक लिहितां आले त्यांस कौंडिन्य हें सर्वपरिचित गोत्रनाम लिहितां आलें नसेल, हें संभवत नाहीं. कुंडुंग हें स्थानिक नांव आहे असें मानणेंच सरळ होय, आणि तेंच आज बहुमान्य आहे.

याहून महत्त्वाचा शब्द ‘वंशकर्ता’. कुंडुंगास ‘नरेंद्र’ म्हटलें आहे. म्हणजे सत्ता त्याच्या हातीं होतीच. तरी वंशाचा कर्ता म्हणून गणला गेला तो त्याचा मुलगा. बाप राजा असतां मुलगा वंशकर्ता कसा? याचा उलगडा एकाच रीतीनें नीट होतो. घराणें जुनें होतें, पण ‘वर्मन्’ पद धारण करणारा, ब्राह्मणांकडून संस्कार घेऊन स्वतःस राजकुलांत गणविणारा पहिला पुरुष अश्ववर्मा होय. बदललें तें रक्त नव्हे, राज्यत्वाची भाषा. राजा परदेशांतून आला असें सुवाच्य भागांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. ‘येथें आलेले’ हें विशेषण लागलें आहे तें विप्रांस. येणारे ते होते. बोलावणारा येथलाच होता.

संगमावर बसून खोऱ्याचा व्यापार ताब्यांत ठेवणारा एक प्रबळ नायक, सामुद्रधुनींतून जाणाऱ्या जहाजांवरील लोकांशीं संबंध आल्यावर, शेजारच्या नायकांहून आपण निराळे आहों हें दाखविण्यासाठीं यज्ञ करतो व दान देतो, असें येथें दिसतें. युधिष्ठिराची उपमा कवीची असली तरी मांडलिक केलेले राजे ही त्या नायकाची खरी गरज होती.

(५) या निष्कर्षानें लेखांचें भारतीयत्व कमी होतें असें कोणी समजूं नये. यूप हा खदिर, बिल्व, पलाश अशा यज्ञीय वृक्षाचा असावा असा श्रौताचा दंडक आहे. तो टिकावा म्हणून दगडांत कोरण्याची चाल भारतांतहि होती. मथुरेजवळील ईसापूर येथील वासिष्काच्या २४ व्या वर्षाचा यूप, राजपुतान्यांतील नांदसा येथील कृत संवत् २८२ चा (इ. स. २२५) व बडवा येथील कृत संवत् २९५ चे (इ. स. २३८) यूप हे प्रसिद्ध आहेत, यांपैकीं नांदसा व बडवा येथील लेख डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनीं संपादिले. बडव्यास प्रत्येक त्रिरात्र यज्ञाची दक्षिणा हजार गाई अशी नोंद आहे. आपल्या महाराष्ट्रांत नाणेघाटच्या लेण्यांत सातवाहन राणीनें कोरविलेल्या प्राकृत लेखांत यज्ञांची व दक्षिणांची लांबलचक यादी असून त्यांत दहा-अकरा हजार गाईंपर्यंत आंकडे येतात. मूलवर्म्याच्या वीस हजार गाई या मालिकेंत ठेवून वाचाव्या. विषुववृत्तावरील घनदाट अरण्यांत एवढें गोधन असणें कठीण, म्हणून कांहींनीं या आंकड्यांत निव्वळ अतिशयोक्ति पाहिली आहे. परंतु गाईऐवजीं तिचें मूल्य देण्याची, म्हणजे गोनिष्क्रयाची, सोय आपल्या धर्मशास्त्रांतच आहे. आणि ज्या यज्ञाचें नांवच बहुसुवर्णक तेथें सोन्यानें ती पुरी झाली असणें अशक्य नाहीं. हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे.

दोहोंतील फरकहि पाहण्याजोगा आहे. ईसापूरचा यूप नीट घडविलेला असून त्यावर गुंडाळलेली दोरीहि कोरली आहे. मुआरा कामानचे दगड ओबडधोबड, जवळजवळ नैसर्गिक आकाराचे आहेत. श्लोक शिकलेल्या हातांनीं रचले, पण दगड तेथलेच व तेथल्याच रीतीचे. असे उभे दगड रोंवण्याची चाल इंडोनेशियांत स्वतंत्रपणें पुरातन आहे. तेव्हां ज्यास ब्राह्मण यूप म्हणाला त्यांत गांवकऱ्यास आपल्या पूर्वजांचा दगड दिसला असेल, तर दोघेहि चुकले नाहींत.

(६) परिसरांतील इतर अवशेष विखुरलेले आहेत. उत्तरेस मुआरा वाहाऊ भागांतील कोंबेंग गुहेंत शैव व बौद्ध पाषाणमूर्ति मिळाल्या. नदीवर थोडें वर कोता बांगुन येथें सांपडलेली ब्राँझची बुद्धमूर्ति १९३१ सालीं पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनांत नेली असतां आगींत नष्ट झाली. सामुद्रधुनीपलीकडे सेलेबिस बेटांत सेंपागा येथें १९२१ सालीं अशीच एक जुनी बुद्धमूर्ति मिळाली. या वस्तु एका काळच्या नाहींत. पण हा जलमार्ग शतकानुशतकें चालू होता एवढें त्यांवरून दिसतें. वप्रकेश्वराचें स्थान निश्चित झालें नसलें, तरी जावांतील पुढील शतकांच्या ताम्रपटांत शपथेच्या वेळीं ‘बाप्रकेश्वर’ हें नांव घेतलें जातें. महाकामेच्या कांठचें क्षेत्र आणि जावांतील हें दैवत यांचा संबंध विद्वानांनीं जोडला आहे, आणि तो विचारणीय आहे.

मूलवर्म्यानंतर हजार वर्षें येथील लेखी इतिहास जवळजवळ मूक आहे. १३६५ सालच्या नगरकृतागम काव्यांत मजपहितच्या मांडलिकांच्या यादींत कुताई हें नांव येतें. तें नदीच्या खालच्या अंगच्या राज्याचें असावें. ‘सलसिलाः कुताई’ नांवाची मलायी बखर आहे. मेस यांनीं ती १९३५ सालीं संपादून प्रसिद्ध केली. तिच्यांत समुद्राकडील कुताई कर्तनगर व वरच्या भागांतील मर्तदिपुर अशीं दोन राज्यें दिसतात. सतराव्या शतकांत खालच्या राज्यानें वरचें जिंकलें व ‘कुताई कर्तनगर इंग मर्तदिपुर’ असें संयुक्त नांव धारण केलें. तोंवर खालच्या राज्यानें इस्लाम स्वीकारलेला होता. राजधानी १७८२ सालीं तेंगारोंगास आली. यज्ञ करणाऱ्या मूलवर्म्याचें नांव आज तेथील सुलतानांच्या जुन्या वाड्यांतील संग्रहालयास व समारिंदाच्या विद्यापीठास दिलेलें आहे. धर्म बदलला, पूर्वज टाकला नाहीं. ही गोष्ट आपणांसहि विचार करावयास लावणारी आहे.

(७) इंडोनेशियाच्या सरकारनें २०१९ सालीं आपली राजधानी जकार्ताहून याच प्रांतांत हलविण्याचा बेत जाहीर केला व २०२२ सालीं तसा कायदा केला. नव्या नगरीच्या हद्दींत कुताई कर्तनगर जिल्ह्याचाहि कांहीं भाग येतो. त्यामुळें ‘सोळाशें वर्षांपूर्वींची पहिली राजधानी’ म्हणून मुआरा कामानचा गौरव होऊं लागल्यास नवल नाहीं. आपल्याकडील बृहत्तर भारताचा अभिमान व तिकडील राष्ट्राभिमान, दोघांनाहि हे सात दगड आपापल्या बाजूचे साक्षीदार म्हणून हवे असतात. साक्षीदार जेवढें बोलतो तेवढेंच लिहून घेणें हें संशोधकाचें काम. हे एवढेंच बोलतात : कुंडुंग नांवाचा एक राजा या संगमावर होता, त्याच्या मुलानें नवें नांव घेतलें, नातवानें दूरच्या विद्वानांस बोलावून त्यांस भरपूर दिलें, आणि त्या विद्वानांनीं, आपण येथें आलों होतों, एवढें सांगून ठेविलें. ज्यांनीं तें कोरलें त्यांचीं स्वतःचीं नांवें मात्र एकाहि दगडावर नाहींत.