डालड्याचा डबा

परवा ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. एलडीएल १४८, एचडीएल ३४. वय वर्षं २८! कोड रिव्ह्यूमध्ये सगळीकडे लाल खुणा दिसल्या की जसं पोटात गोळा येतो, अगदी तसं झालं. त्यात बाबांची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम दोन वर्षं झालीयेत. रात्री आजीला फोनवर सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "तुझ्या बाबाला लहानपणी सगळं डालड्यातलंच घातलं रे मी. तूप परवडायचं नाही. तेव्हा चुकलंच का माझं?"

ह्या प्रश्नाने शनिवार-रविवार खाल्ला.

डालड्याचा पिवळा डबा तुम्हाला आठवत असेलच, त्यावरच्या हिरव्या ताडाच्या झाडासकट. आमच्याकडे रिकाम्या डब्यात तुळस होती. पण ह्या डब्याची गोष्ट सुरू होते जर्मनीत. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान ह्या रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेल घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. तेल तापवायचं, त्यात निकेलची पूड घालायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. तेलाच्या रेणूंमधले दुहेरी बंध हायड्रोजनने भरत जातात आणि तेल थिजतं. स्वस्त, टिकाऊ, वर तुपासारखं दिसणारं!

भारतात लिव्हर कंपनीने १९३१ मध्ये हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि लगेचच मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला. म्हणजे ही गोष्ट आपल्या हार्बर लाईनवरची आहे. १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आलं.

विरोध तेव्हाही झाला, गांधीजीही वनस्पती तुपाच्या विरोधात होते. पण लोकांना मुख्य भीती होती ती साजूक तुपात भेसळ होण्याची. त्यावरचा उपाय मला इंजिनीअर म्हणून फार आवडला. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची कायद्याने सक्ती झाली. का? तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की तिळाचं तेल लाल रंग देतं. तुपात डालडा मिसळला असेल तर लगेच चोरी पकडली! चक्क वॉटरमार्क.

गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी की ही टेस्ट फक्त एवढंच सांगायची की 'हे तूप नाही'. हे पोटात गेल्यावर रक्तात काय होतं, ह्याची टेस्ट केस कोणी लिहिलीच नव्हती.

कारण नॉर्मानच्या प्रक्रियेत एक बग होता. सगळेच बंध भरले जात नाहीत. उरलेल्यांपैकी काही नुसते फिरतात आणि वाकडा रेणू सरळ होतो. हेच ट्रान्स फॅट. अमेरिकेत फ्रेड कुमेरो ह्यांनी १९५७ मध्येच माणसाच्या शरीरात ट्रान्स फॅट साठल्याचं दाखवलं होतं, पण फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि कातान ह्यांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या स्निग्धांशाचा आहार दिला. संपृक्त चरबीने एलडीएल वाढलं. ट्रान्स फॅटने एलडीएल वाढलंच, शिवाय चांगलं एचडीएल कमी झालं. दुहेरी मार!

पुढे डेन्मार्कने २००३ मध्ये २ टक्क्यांची मर्यादा घातली. कुमेरोंनी २०१३ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेच्या एफडीएवर खटला भरला आणि २०१५ मध्ये एफडीएने अंशतः हायड्रोजन भरलेली तेलं हद्दपार करायचा निर्णय घेतला. भारतात मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली. म्हणजे शिवडीचा कारखाना सुरू झाल्यापासून मोजलं तर सुमारे नव्वद वर्षं!

आता लगेच 'बघा, आपलं साजूक तूपच बरं' असं म्हणून वाटी पुढे करू नका. साजूक तुपात संपृक्त चरबी भरपूर असते आणि तिनेही एलडीएल वाढतंच. डालडा वाईट निघाला म्हणून तूप आपोआप निर्दोष ठरत नाही. आणि बाबांच्या हृदयाचं खापर एका डब्यावर फोडणंही बरोबर नाही. त्यांची सिगरेट होती, डायबेटिस आहे. माझं म्हणाल तर दिवसाचे दहा तास खुर्ची आणि चहाबरोबर रोजची खारी.

रविवारी आजीला परत फोन केला. म्हटलं, "आजी, ज्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या त्यांना कळायला इतकी वर्षं लागली. तुझ्याकडे चूल होती आणि चार पोरं."

ती हसली. म्हणाली, "बरं बरं, तू खारी बंद कर आधी."

असो. उद्यापासून जिना चढायचा विचार आहे. ऑफिस सातव्या मजल्यावर आहे, तिसऱ्यापासून सुरुवात करतो.