परवान्याची गोष्ट



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही मंडळींनी मला वाटेतच विचारले की, परदेशी शिक्षकांच्या परवान्याशी रेवदंड्याचा संबंध काय? त्यांना मी एवढेच म्हटले, की आपल्याच गावातल्या शाळेच्या आवारात जो स्तंभ आहे तो एकदा वाचून या. २००२ साली उभारलेले ते स्मारक अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचे आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तेथील असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. त्याला चार दिवसांची मुदत मिळाली: आमचा धर्म घेतलास तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी, नाही तर घोडाही गेला आणि दंडही भर. खोरासानचा एक वजनदार गृहस्थ मध्ये पडला म्हणून बिचारा सुटला. परक्या मुलखात माणसाचे राहणे आणि कमावणे दुसऱ्याच्या मर्जीवर कसे लटकलेले असते, याचा हा आपल्या किनाऱ्यावरचा एक जुना दाखला होय.

पुढे फिरंगी आले. कुंडलिकेच्या मुखाशी त्यांनी कोट बांधला. त्याचे तट आणि तो सातखणी मनोरा आपण रोज पाहतो. समुद्रात गलबत घालायचे तर त्यांचा ‘कार्ताझ’ जवळ हवा, हा त्यांचा दंडक शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण माणसांवरही त्यांची तशीच नजर असे. १५८३ साली होर्मुझला पकडलेले चार इंग्रज गोव्याला नेले जात असता १० नोव्हेंबरला चौलला लागले. त्यांपैकी राल्फ फिच याने एक चौल फिरंग्यांचे व दुसरे मुसलमानांचे, अशी दोन गावे असल्याची नोंद करून ठेवली आहे. गोव्यात तुरुंगवास झाला, जामिनावर सुटका झाली, पण परवानगीवाचून देश सोडायचा नाही ही अट पडली. त्या चौघांत जेम्स स्टोरी नावाचा चितारी होता. त्याला जेझुइट पाद्र्यांनी चित्रे काढण्यासाठी ठेवून घेतले आणि तो तेथेच राहिला. उरलेले तिघे १५८४ च्या एप्रिलमध्ये पळाले. त्यांतला विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या फत्तेपूर शिक्रीला अकबर बादशहाच्या चाकरीत शिरला. घर, घोडा, पाच गुलाम आणि रोजचा पगार मिळवून बसला. एकाच बोटीतून आलेल्या माणसांचे भाग्य धन्यागणिक असे वेगळे झाले.

या मंडळींसाठी गोव्यात ज्याने रदबदली केली, तो फादर थॉमस स्टीफन्स हाही इंग्रजच. परंतु तो १५७९ मध्ये लिस्बनमार्गे, पोर्तुगालच्या राजाच्या छत्राखाली आला होता. त्यामुळे त्याला कोणी अडवले नाही. पुढे १६१६ मध्ये मराठीतले ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते याच गृहस्थाचे. देश एक, भाषा एक. पण कागद निराळा, म्हणून एक तुरुंगात आणि दुसरा ग्रंथकार!

असो. ही झाली प्रस्तावना. माझा खरा विषय दोन अमेरिकन माणसांचा आहे: गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. हे पाद्री होते आणि धर्मप्रसार हाच त्यांचा मुख्य हेतू होता, हे मी लपवीत नाही. त्यांच्या धर्मकारणाशी माझे मतभेद आहेत. पण मुंबईत आणि या किनाऱ्यावर नव्या पद्धतीच्या मराठी शाळांचा आरंभ झाला, त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

त्या काळी कंपनी सरकारच्या मुलखात कोणाही युरोपियनाला कंपनीच्या परवान्यावाचून राहता येत नसे. परवाना कामावर बांधलेला असे, माणसावर नव्हे. विल्यम कॅरीचेच पाहा. तो १७९३ मध्ये परवान्याशिवाय बंगालात उतरला. पुढे एका निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक झाला, तेव्हा कुठे ‘निळीचा मळेवाला’ म्हणून त्याला कागद मिळाला. १८०० साली तो डेनमार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात गेला. तेथे कंपनीचा हात पोहोचत नव्हता. आणि गंमत अशी, की १८०१ मध्ये त्याच कंपनीने आपल्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याला भाषाशिक्षक नेमले! १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते या निळीवाल्याने, वैजनाथ पंडिताच्या साहाय्याने. आपल्या भाषेच्या छापील व्याकरणाच्या इतिहासात निळीच्या पिंपाला एवढे स्थान आहे.

१८०६ मध्ये वेलोरला शिपायांचे बंड झाले. त्याचे खापर पुष्कळ साहेबांनी पाद्र्यांवर फोडले आणि कंपनीचे धोरण अधिकच आवळले गेले. अशा वेळी, १८१२ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतून पाच तरुण दोन जहाजांनी कलकत्त्याला निघाले. हॉल, नॉट आणि ल्यूथर राइस एका जहाजावर. ॲडोनिराम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल दुसऱ्यावर. पहिले तिघे समुद्रात असतानाच १८ जूनला अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जाहीर झाले. म्हणजे निघताना ते केवळ परके होते; आता शत्रुराष्ट्राचे झाले. उतरताच हुकूम मिळाला, परत जा.

यांतल्या जडसनची कथा येथे सांगितलीच पाहिजे, कारण परदेशात नोकरी बदलण्याचा प्रश्न तिच्यात नागव्याने उभा आहे. बाप्तिस्म्याविषयी त्याचे मत प्रवासात बदलले आणि १८१२ च्या सप्टेंबरात कलकत्त्यात तो बॅप्टिस्ट पंथात गेला. ज्या मंडळाने त्याला खर्च करून पाठवले ते मंडळ वेगळ्या पंथाचे. प्रामाणिक माणूस होता. त्याने स्वतःच राजीनामा लिहिला. मागे पगार नाही, पुढे धनी नाही, आणि कंपनीचा हद्दपारीचा हुकूम डोक्यावर. इंग्लंडला जाणाऱ्या ताफ्याच्या उतारूंत त्याचे नाव लिहिलेही गेले होते. तो आणि त्याची पत्नी निसटून मॉरिशसला, तेथून मद्रासला आणि १८१३ च्या जुलैत रंगूनला गेली. त्याच्याप्रमाणेच पंथ बदललेला राइस अमेरिकेत परतला, गावोगाव हिंडला, आणि १८१४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला बॅप्टिस्टांची परिषद भरली, तेव्हा जडसनला नवे मालक मिळाले. मधल्या दीड-पावणेदोन वर्षांत तो कोणाचा नोकर होता, या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर नाही.

हॉल आणि नॉट यांनी मॉरिशसला जाण्याचा परवाना काढला आणि ते चढले मात्र मुंबईच्या जहाजावर. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले. पाठोपाठ कलकत्त्याहून ‘यांना इंग्लंडला पाठवा’ हा हुकूम आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा मनाने धार्मिक, बायबल सोसायटीशी संबंध असलेला. त्याला हा हुकूम जड जात होता. अर्जावर अर्ज झाले, तारखा पुढे गेल्या. या टांगत्या तलवारीखाली ते दोघे काय करीत होते? मराठी शिकत होते. उद्या बोटीवर चढवतील हे ठाऊक असून आज धातू आणि प्रत्यय घोकायचे, याला केवढी जिद्द लागते, हे परभाषा शिकलेल्या माणसाला सांगायला नको.

नोव्हेंबरात धीर सुटला. नॉटची पत्नी मुंबईतच राहिली आणि हे दोघे गुपचूप एका देशी तारवात बसून कोचीनला गेले. तेथे पकडले जाऊन परत आणले गेले. हे वागणे मला पटत नाही. ज्या गव्हर्नराने आपली गय केली, त्यालाच वरिष्ठांपुढे मान खाली घालायला लावणे, हे बरे नव्हे; आणि नेपियन रागावलाही. तथापि दुसरी बाजूही आहे. सरळ मार्गाने मागितलेला परवाना मिळण्याची सोयच कायद्यात नव्हती. दार नसलेल्या घरात शिरणाऱ्याला खिडकीतून आल्याबद्दल किती दोष द्यावा, याचा निर्णय श्रोत्यांनी करावा.

डिसेंबरात जहाज ठरले, दिवस ठरला. तेव्हा हॉलने गव्हर्नराला शेवटचे पत्र लिहिले. त्यात त्याने कायद्याचा मुद्दा काढलाच नाही. तुम्ही आम्हाला बळाने घालवू शकता, पण ईश्वरापुढे जाब द्याल तेव्हा हे कृत्य आठवेल, अशा आशयाचे ते पत्र होते. ऐनवेळी हुकूम थांबला.

इकडे लंडनला जुलै १८१३ मध्येच कंपनीच्या सनदेचा नवा कायदा झाला होता. त्याच्या ३३ व्या कलमाने हिंदुस्थानात ज्ञानप्रसारासाठी व धर्मनीतीच्या कामासाठी येऊ इच्छिणाऱ्यांना परवाना मागण्याचा मार्ग ठेवला, आणि कंपनीच्या संचालकांनी नाकारले तर वर बोर्डाकडे दाद लागण्याची सोय केली. याच कायद्याचे ४३ वे कलम आपण लाख रुपये शिक्षणासाठी म्हणून पाठ करतो. पण दहा कलमे आधी शिक्षकाच्या राहण्याचा प्रश्न सोडवला आहे, तो कोणी पाठ करीत नाही. १८१४ च्या एप्रिलपासून कायदा अमलात आला आणि पुढे संचालकांनीही या दोघांना राहू दिले.

नॉट १८१५ मध्ये प्रकृतीमुळे परतला. हॉल राहिला. त्याच वर्षी मुंबईत पहिली शाळा निघाली, १८१७ मध्ये छापखाना चालू झाला, १८२४ मध्ये मुलींची शाळा झाली. पुढे या शाळा खाडीपलीकडे, आपल्या चौल-रेवदंड्याच्या भागापर्यंत आल्या. आणि येथे त्यांना शिक्षक मिळाले ते पुष्कळदा बेने इस्रायल समाजातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून आपण ज्यांना शनवार तेली म्हणत होतो, ते. गोऱ्या मास्तरासाठी तीन सरकारांत पत्रव्यवहार झाला. त्याच्या शाळेत प्रत्यक्ष मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या या मराठी मास्तरांसाठी कोणी एक अर्जही लिहिलेला नाही. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर हॉल पटकीने वारला. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार ही शिक्षिका मुंबईला आली आणि १८३९ मध्ये अहमदनगरला गेली. तिची तेथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना जी स्फूर्ती मिळाली, ती आपण जाणताच.

आता आजचे पाहू. आपल्या भारत सरकारचा नोकरीचा व्हिसा आजही ज्या संस्थेच्या नावाने मिळतो, तिच्यापुरताच असतो. परदेशी शिक्षकाला शाळा बदलायची तर, थोडे अपवाद वगळता, मायदेशी जाऊन नवा व्हिसा आणावा लागतो. अमेरिकेने २००० सालच्या कायद्याने नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच काम सुरू करण्याची मुभा काही व्हिसांना दिली, आणि २०१७ पासून नोकरी सुटल्यास साठ दिवसांपर्यंतची सवलत ठेवली. आखातात ‘कफील’ ही जुनी रीत. मालकाच्या ना-हरकत पत्रावाचून नोकरी बदलता येत नसे. कतारने ही अट २०२० मध्ये काढली, सौदीने २०२१ मध्ये सैल केली.

आपल्या किनाऱ्यावरची किती मुले-मुली तिकडे आहेत, हे प्रत्येक आळीला माहीत आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी आखातातल्या एका शाळेत गणित शिकवीत होती. दुसऱ्या शाळेने दीडपट पगार देऊ केला. पहिल्या शाळेने पत्र द्यायला पाच महिने लावले. तोवर दुसरीकडची जागा भरली गेली. ती मला म्हणाली, “सर, शिकवताना मी बाई असायचे, आणि ऑफिसात गेले की फाइल.” सुटीत ती घरी आली तेव्हा मी तिला हॉलचे पत्र सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “असे पत्र लिहायला गव्हर्नरही तसा लागतो ना!”

शेवटी एक विनंती. या गावातून आफ्रिकेत, आखातात, इस्रायलला गेलेल्यांची घरे येथे आहेत. कोणाच्या पेटीत जुने पासपोर्ट, परवाने, मालकांची पत्रे असतील, तर ती वाळवीच्या आधी मला दाखवावीत. मी उद्या दुपारपर्यंत गावातच आहे.