वडापावच्या गाडीचा विनोद: मुंबईच्या प्रोग्रामरांच्या गप्पांचा इतिहास (थ्रेड)

१/ खारदांड्याच्या कोळीवाड्यात संध्याकाळी दोन प्रकारची बोलणी कानी पडतात. एक मासळीची, वाऱ्याची आणि डिझेलच्या भावाची. दुसरी, गल्लीत भाड्याने राहणाऱ्या तरुण सॉफ्टवेअर अभियंत्यांची: कोणते नवे एआय मॉडेल आले, कोणत्या कंपनीने किती माणसे काढली, आणि शेवटी 'आता वडापावची गाडीच टाकू या' हा ठरलेला विनोद.

२/ हा विनोद आजचा वाटतो. परंतु नव्या तंत्रज्ञानाची बातमी ऐकून स्वतःच्याच पोटापाण्याची थट्टा करण्याची रीत बरीच जुनी आहे. मुंबईत तिचा माग कुलाबा, पवई, अंधेरी आणि दांड्याला लागून असलेले जुहू, या चार ठिकाणी काढता येतो. हा थ्रेड त्याविषयी.

३/ आरंभ कुलाब्यात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक पूर्ण केला. त्याचे नामकरण पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये केले. या गटातील बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता. परदेशातील नियतकालिके आणि अहवाल वाचून त्यांनी यंत्र उभे केले.

४/ त्या काळी तंत्रज्ञानाची बातमी म्हणजे बोटीने आलेला अंक किंवा परदेशाहून परतलेला सहकारी. बातमी हाती पडेपर्यंत ती शिळी झालेली असे. त्यामुळे 'जगात काय चालले आहे' या चर्चेत अंदाज, ऐकीव माहिती आणि चेष्टा यांचा वाटा मोठा असणे स्वाभाविक होते.

५/ पवईत चित्र वेगळे होते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी मुंबईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत साहाय्य मिळाले. साठच्या दशकात तेथे 'मिन्स्क' हा सोव्हिएत संगणक आला आणि सत्तरच्या दशकात 'ईसी-१०३०'. हे दुसरे यंत्र आयबीएमच्या ३६० मालिकेच्या धर्तीवर बनवलेले. अमेरिकेची रचना रशियामार्गे पवईत पोचली, ती अशी.

६/ आता 'प्रोग्रामरची गरज संपणार' या भाकिताकडे वळू. ते प्रथम केव्हा झाले? आयबीएममधील गटाने १९५४ मध्ये फोरट्रान भाषेचा प्राथमिक अहवाल लिहिला. ही भाषा आली की संकेतलेखन आणि चुका शोधण्याचे काम जवळजवळ उरणारच नाही, अशी आशा त्यात व्यक्त केली होती. फोरट्रान १९५७ मध्ये आली. चुका शोधण्याचे काम आजही संपलेले नाही.

७/ पाठोपाठ कोबोल आली. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने या भाषेची आखणी सुरू झाली. तिची वाक्ये इंग्रजीसारखी ठेवली गेली. व्यवस्थापकालाही प्रोग्राम वाचता यावा, हा त्यामागील एक हेतू. व्यवस्थापक प्रोग्राम वाचू लागले नाहीत. कोबोल जाणणाऱ्यांना मात्र पुढे चाळीस वर्षे काम पुरले.

८/ तथापि याच काळात भारतात संगणकाची धास्ती प्रोग्रामरला नव्हती. ती कारकुनाला होती. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायला घेतले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. कोलकात्यात तर यंत्र कार्यालयात शिरू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले.

९/ या वादाची छाननी करण्यासाठी केंद्र सरकारने स्वयंचलनविषयक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. यंत्रामुळे काम किती वेगाने होते एवढेच न पाहता, त्याने रोजगारावर काय परिणाम होतो हेही तपासावे, हा त्या चर्चेचा गाभा होता.

१०/ बँकांतही हेच घडले. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाबाबत करार झाला. त्यानंतर शाखाशाखांत जी यंत्रे आली, त्यांना 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' म्हटले गेले. खातेवही लिहिणारे यंत्र, एवढीच त्या नावात ओळख. 'संगणक' हा शब्द त्यात कोठेच नव्हता.

११/ कारकून मोर्चे काढत होते, त्याच वर्षांत अंधेरीत नवा व्यवसाय आकार घेत होता. १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले. फकीरचंद कोहली यांच्या टीसीएसने बरोज कंपनीचा संगणक आयात केला. त्यासाठी सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवून देण्याची हमी द्यावी लागली. पुढे टाटा-बरोज, पटनी, मास्टेक अशा कंपन्या याच परिसरात वाढल्या.

१२/ येथील प्रोग्रामरचे काम परदेशी ग्राहकांचे, यंत्र परदेशी आणि ज्ञानाचा उगमही परदेशी. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. अशा व्यवसायात 'तिकडची बातमी' ही केवळ करमणूक नव्हती. पुढच्या वर्षी कोणत्या यंत्रावर काम मिळणार आणि कोणती भाषा शिकावी लागणार, हे त्या बातमीवरून ठरत असे.

१३/ पाश्चात्त्य देशांतील प्रोग्रामर एव्हाना संगणकजालावरच गप्पा मारू लागले होते. १ एप्रिल १९८४ रोजी 'यूजनेट' या चर्चाजालावर एक संदेश झळकला. सोव्हिएत संघ या जालात सामील झाला आहे आणि संदेश लिहिणारे खुद्द कॉन्स्तान्तिन चेर्नेन्को आहेत! पाठवणाऱ्या यंत्राचे नाव 'क्रेमव्हॅक्स'. अनेकांनी ते खरे मानले.

१४/ तो खोडसाळपणा होता अ‍ॅमस्टरडॅमच्या पीट बीर्टेमा यांचा. रशियन माणूस आपल्याशी संगणकावरून गप्पा मारील, ही कल्पनाच तिकडे हास्यास्पद होती. पवईत मात्र सोव्हिएत संगणकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या होत्या. गंमत अशी की १९९० मध्ये रशियन प्रोग्रामर खरोखरच यूजनेटवर आले आणि पुढे त्यांनी आपल्या एका यंत्राचे नाव आवर्जून 'क्रेमव्हॅक्स' ठेवले.

१५/ भारताला या जालाशी जोडण्याच्या कामात मोठा वाटा होता जुहूचा. खारदांड्याहून काही किलोमीटरवर, गुलमोहर मार्गाच्या परिसरात, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी होते. संचालक श्रीनिवासन रमणी. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पात आयआयटींसह मोजक्या संस्था होत्या, आणि परदेशाशी दुवा होता या केंद्रातून.

१६/ आरंभीची पद्धत टपालासारखी. संदेश यंत्रात साठवायचे, ठरलेल्या वेळी टेलिफोन लावायचा आणि गठ्ठा पुढच्या यंत्राकडे ढकलायचा. १९९२ च्या सुमारास जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ६४ किलोबिटची जोडणी झाली. आज मोबाइलवर काढलेले ४ एमबीचे एक छायाचित्र त्या वाहिनीतून जायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. साऱ्या संस्थांनी मिळून वापरायची ती वाहिनी!

१७/ त्या चर्चाजालावर तेव्हा काय चालले होते? १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे कळवले. १९९२ च्या जानेवारीत प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी तिची रचना कालबाह्य ठरवली. वाद रंगला, टोमणे झडले. ती कार्यप्रणाली म्हणजे लिनक्स.

१८/ सामान्य संगणकप्रेमींसाठी मात्र हे दार बंद होते. मुंबईतील काही हौशी मंडळी घरच्या टेलिफोनवर 'बुलेटिन बोर्ड' चालवत. १९९४ मध्ये अशा सेवांवर वर्षाला किमान १५ लाख रुपये परवाना शुल्क लावण्याचा सरकारी प्रस्ताव आला, तेव्हा ही मंडळी हादरली. गप्पा मारण्याची एवढी किंमत कोण मोजणार?

१९/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. सर्वांत साधे खाते वर्षाला ५,००० रुपयांचे, तेही ठरावीक तासांपुरते आणि पडद्यावर केवळ अक्षरे दाखवणारे. तरीही फरक मूलभूत होता. कॅलिफोर्नियातील बातमी अंधेरीत त्याच दिवशी वाचता येऊ लागली. विनोदही त्याच दिवशी सुचू लागला.

२०/ दरम्यान 'अंताची' भाकिते थांबली नव्हती. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये 'द लास्ट वन' नावाचे सॉफ्टवेअर गाजले. ते स्वतःच प्रोग्राम लिहिते, म्हणून यानंतर दुसरे काही लिहावे लागणार नाही, असा दावा नावातच होता. त्याच सुमारास जेम्स मार्टिन यांनी प्रोग्रामरविना सॉफ्टवेअर कसे घडेल यावर आख्खे पुस्तक लिहिले.

२१/ मग आले 'वाय-टू-के'. जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच अंकांत लिहिलेले, त्यामुळे २००० साली १९०० समजले जाण्याचा धोका. त्यातील असंख्य प्रोग्राम कोबोलमधले. जी भाषा प्रोग्रामरवरील अवलंबन कमी करणार होती, तिनेच सीप्झमधील कंपन्यांना काम दिले आणि अनेक मराठी मध्यमवर्गीय घरांतील पहिला परदेशप्रवास घडवला.

२२/ यावरून 'भाकिते नेहमीच खोटी ठरतात' असा निष्कर्ष काढणे सोयीचे आहे. इतिहास तेवढा सोपा नाही. पंचकार्डे छिद्रित करणारे ऑपरेटर एकेकाळी प्रत्येक संगणककेंद्रात असत. ते काम पूर्णतः नाहीसे झाले. नाक्यानाक्यावरच्या टायपिंगच्या वर्गांचेही तेच. व्यवसाय वाढत राहिला, पण त्यातील माणसे तीच राहिली नाहीत.

२३/ नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि मागितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देऊ लागले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. ज्याचे काम जाते, त्याला या फरकाने फारसा दिलासा मिळत नाही.

२४/ साठच्या दशकात विमा कार्यालयांबाहेर घोषणा देणाऱ्यांना पुढे 'प्रगतीचे विरोधक' म्हणून हिणवले गेले. त्यांचा प्रश्न साधा होता: यंत्राने वाचवलेल्या श्रमाचा लाभ कोणाला? दांडेकर समितीसमोर हा प्रश्न कारकुनांमुळे आला. आज तोच प्रश्न, ज्यांनी कारकुनांचे काम यंत्रावर चढवले, त्या प्रोग्रामरांसमोर आहे. फरक इतकाच की कारकुनांच्या मागे संघटना होत्या. येथे बहुतेकांच्या हाती आहे तो विनोद.

२५/ विनोदाला कमी लेखू नये. बातमी कितपत खरी, कितपत जाहिरात, हे जोखण्याची ती एक पद्धत आहे. फोरट्रानपासून पुढची भाकिते ज्याला ठाऊक आहेत, तो नव्या दाव्यावर सावधपणे हसतो. पण हसून झाल्यावर दांडेकर समितीपुढचा प्रश्न शिल्लक राहतोच.

२६/ आणि खारदांड्याला हा प्रश्न अपरिचित नाही. कोळी घरांत पूर्वी तागाचे सूत कातून जाळी विणली जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आले, शिडाच्या होड्यांना इंजिने लागली. जाळी टिकाऊ झाली, होडी दूर जाऊ लागली. घरातले सूतकताईचे काम संपले आणि डिझेलचा खर्च मागे लागला. मासेमारी थांबली नाही. म्हणूनच दांड्याच्या त्या संध्याकाळी मासळीच्या गप्पा आणि एआयच्या गप्पा वाटतात तेवढ्या वेगळ्या नसतात.

(समाप्त)